समुद्राकडे तोंड करून

वडिलांची रिकामी होडी गावातल्या दुसऱ्या होडीने ओढून आणली. वडील सापडले नाहीत. त्यानंतर मी आईला आमच्या गावाहून, दातिवऱ्याहून, माझ्याकडे घेऊन आले. तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी कामाला होते आणि कुंभवलीत भाड्याने राहत होते. तिथून समुद्र दिसत नाही, म्हणूनच आईला ती जागा चालली. पण घरामागच्या कारखान्याचा मोठा पंखा सुरू झाला, की ती हातातलं काम टाकून उभी राही. "आली वाटतं," म्हणे. होडीचं इंजिन असंच धडधडत यायचं. मी तिला काही बोलत नसे, कारण तो आवाज आला की माझाही श्वास थांबे.

एकदा कामावर ध्येय कसं लिहावं याचं प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ते पूर्ण झालं की नाही, हे शेजाऱ्यालाही सांगता आलं पाहिजे." मी लिहिलं होतं, 'खचायचं नाही.' बाईंनी विचारलं, "हे शेजाऱ्याला कसं कळणार?" मग मी ते खोडून बढतीच्या परीक्षेचं लिहिलं.

घरी आल्यावर आईला हे सांगितलं. ती कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माजं पन लिव."

"काय लिहू?"

"दर्याकडं बगायचंय."

मी म्हटलं, "आई, एकदम नको. आधी जवळचं काहीतरी ठरवू."

तिने विचार केला. "पयलं सफाळ्यापरेंत. उतरायचं नि परत यायचं. जमलं तर पुढचं."

मी तसं लिहिलं. सफाळे हे गावाजवळचं रेल्वे स्टेशन. तिथे ती फलाटावरच्या बाकावर पदरात तोंड लपवून बसली आणि पुढच्या गाडीने आम्ही परतलो. नंतरच्या खेपेला एसटीने गावापर्यंत गेलो. मग एकदा घराचं कुलूप काढून ती उंबऱ्यावर बसून आली. प्रत्येक वेळी परतल्यावर ती जेवत नसे, भिंतीकडे तोंड करून पडून राही. शेवटी मीच म्हटलं, "सोडून देऊ या."

"लिवलंय ना बाय? मग जायचं."

त्या खेपेला आम्ही किनाऱ्यावर गेलो, तेव्हा बायका काठ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या. आई समुद्राकडे पाठ करून थोडी चालली, थांबली आणि वळली. बराच वेळ उभी राहिली. ती कोसळेल म्हणून मी तिच्यासमोर येऊन उभी राहिले, तर तिने मला हाताने बाजूला केलं.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"पानी हाय," ती म्हणाली. "निसतं पानी."

मग ती त्या बायकांकडे गेली आणि पाटीतले बोंबील उचलून काठीवर टाकू लागली.

महिन्याभरात ती गावी परत राहायला गेली. सुकी मासळी विकते. माझी परीक्षा झाली, बढतीही मिळाली. त्या दिवशी किनाऱ्यावर मी सगळा वेळ फक्त तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते, समुद्राकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. तिच्या लक्षात तेव्हाच आलं असावं.

आता सुट्टीला मी तिच्याकडे जाते. आमच्या घराचं मागचं दार किनाऱ्यावर उघडतं. मी पोचते तेव्हा ते लावलेलं असतं, उन्हाळ्यातसुद्धा. शेजारीण म्हणते, एरवी ते दिवसभर उघडं असतं. आई मला वाढते आणि दाराला पाठ लावून माझ्यासमोर बसते.