माउंटखालची वाडी

“दाखव ना ह्यात तुझं घर!” रेंजरसाहेब म्हणाले, आणि शिडीवर माझा हातोडा होता तिथेच थांबला.

महाडला रावसाहेबांच्या बंगल्यात मी चित्रं टांगत होतो. रावसाहेब जंगलखात्यातून पेन्शनीत निघालेले. त्यांच्या जागेवर आलेले नवे रेंजरसाहेब चहाला आले होते. आणि पायरीखाली, घोंगडी खांद्यावर टाकून, धाकू उभा होता. पोलादपूरच्या वर डोंगरमाथ्यावर त्यांची चार घरांची वाडी. म्हशी, तूप, थोडी नाचणी, एवढाच संसार. ‘तुम्ही पाच-सहा वर्षांमागे राखीव रानात घुसलात, महिन्याभरात गुरं घेऊन खाली उतरा,’ असा हुकूम रेंजरसाहेबांनी काढला होता. जुन्या साहेबांनी एक शब्द टाकावा म्हणून बिचारा पहाटे निघून चालत आला होता.

रेंजरसाहेबांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. “हा सुळका ओळखलास? तुझाच डोंगर. कुठाय घर? नुसतं रान आहे.”

धाकू बिचकत आत आला. “सुळका ह्योच हाय, साहेब. पन आमी डाव्या अंगाला, खाली.” त्याचं बोट काचेवरून सरकत सरकत कडेच्या पांढऱ्या कागदावर आलं. “हितं. हितं ह्यो कागुद कशापायी लावलाय?”

तो कागद मी लावला होता.

काच चित्राला चिकटू नये म्हणून मध्ये जाड कागदाची चौकट बसवतात. तिला आम्ही माउंट म्हणतो. ती चित्राची कड थोडी झाकतेच. किती झाकायची, ते कापणाऱ्याच्या हातात.

चार महिन्यांमागे रावसाहेब मुंबईहून तीन रंगीत छापील चित्रं घेऊन दुकानात आले होते. मूळ तैलचित्रांवरून छापलेली. माझ्याकडे तोवर देवांच्या नाहीतर वाडवडिलांच्या तसबिरी यायच्या. नुसतं रान फ्रेम करून घेणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. “बघा मिस्त्री, पान न् पान खरं काढलंय,” ते कौतुकानं सांगत होते. खरंच होतं ते. कड्यावरचं शेवाळसुद्धा ओलं वाटत होतं. खाली डाव्या कोपऱ्यात पेंढ्यानं शाकारलेली चार घरं होती, गोठा, म्हशी, डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई.

“ही घाण झाका,” रावसाहेब म्हणाले. “दिवाणखान्यात मला निसर्ग पाहिजे, शेणगोठा नको.”

“डावीकडून तीन बोटं जातील, साहेब. खालचा छापील मजकूरही जाईल.”

“जाऊ दे हो!”

मी कापला माउंट. फर्स्टक्लास कापला. त्यांच्या भिंतीवर काय दिसावं हे ठरवणारा मी कोण, असं तेव्हा वाटलं होतं.

शिडीवरून मी रावसाहेबांकडे बघितलं. म्हटलं, आता बोलतील. त्यांना तर सगळं ठाऊक. पण ते आपले बशीत चहा ओतून फुंकर मारत बसलेले.

“रावसाहेब, तुमी सांगा की,” धाकू म्हणाला. “आमच्या पडवीत बसून ताक प्यालाय तुमी. माज्या आयेच्या हातचं.”

“शंभर वाड्यांत ताक प्यालोय मी. कुठलं कुठलं लक्षात ठेवू?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, काही जनाची नाही तर मनाची! चार घरं उठायची वेळ आली, आणि ह्या माणसाला आपल्या चित्राची पडलेली. आणि त्याच्या जोडीला मी, हातात हातोडा घेऊन गप्प!

मी खाली उतरलो आणि चित्र भिंतीवरून काढलं.

“अहो मिस्त्री, काय करताय?”

“फ्रेम उघडतोय.”

“हात लावू नका! चित्र माझं आहे!”

“चित्र तुमचं, रावसाहेब. माउंट मी कापलाय.”

पकडीनं मागचे खिळे उपसले, पुठ्ठा काढला, माउंट बाजूला केला आणि चित्र टेबलावर त्यांच्या बशीला लावून ठेवलं. रेंजरसाहेब वाकले. चार घरं. गोठा. म्हशी. खाली छापलेलं: ‘पोलादपूरच्या वरचे रान’, आणि साल. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं. साल जर्मनीच्या लढाईच्याही आधीचं, चांगलं वीस वर्षांमागचं होतं. पाच-सहा वर्षं म्हणे!

धाकूला वाचता येत नव्हतं. तो हंडा घेतलेल्या बाईकडे बघत होता. “ही आये असंल,” तो म्हणाला. “आमच्यात पानी तीच आनायची.”

मग मला राहवेना. “रावसाहेब, जिच्या हातचं ताक प्यालात, तिला घाण म्हणून झाकायला लावलंत मला!”

“तुम्हाला माहीत होतं?” रेंजरसाहेबांनी विचारलं.

“मी ते चित्र म्हणून बघत होतो,” रावसाहेब म्हणाले.

रेंजरसाहेबांनी चित्र गुंडाळून काखेत मारलं. आठवड्याभरात स्वतः डोंगर चढले, घरांची जुनी जोती बघितली, धाकूच्या आज्यानं लावलेला आंबा बघितला. हुकूम मागे घेतला. वाडी जागेवर राहिली. दिवाळीला धाकू तुपाचा गडवा घेऊन दुकानात आला. तो घेताना मला लाज वाटली, आणि ते मी त्याला सांगितलंही. “ऱ्हाऊ द्या वो, मिस्त्री,” तो हसला. “उघडलंत ना!”

रावसाहेब पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. चित्र परत मिळाल्यावर त्यांनी ते पुण्याला पाठवून नवी फ्रेम करून घेतली. माउंट चार बोटांचा आहे म्हणतात.

मी मात्र आता माउंट कापण्याआधी चारही कडा बघतो. कडेला माणूस दिसला, तर सुरी खाली ठेवतो. त्यापायी दोन-चार गिऱ्हाईकं गेली. गेली तर गेली.