पूर्ण एका दिवसाची लघवी

मोहगावच्या शाळेत जयश्री पहिली-दुसरीला शिकवायची आणि सौसरला सासरी राहायची. बाळंतपणात तिचं बीपी चढलं होतं, लघवीतून प्रथिनं जात होती. मुलगी सुखरूप झाली आणि घरच्यांच्या लेखी विषय संपला. पण नागपूरच्या एका दवाखान्यात अशाच बायांच्या किडन्यांवर संशोधन सुरू होतं. तिनं त्यात नाव दिलं.

तिथल्या डॉक्टर सुचिता म्हणाल्या, "तुमच्यासारख्या सडपातळ बाईच्या अंगात स्नायू कमी, म्हणून रक्ताचा रिपोर्ट वरवर चांगलाच दिसतो. किडनी खरंच किती गाळते ते पाहायला एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी लागेल. एकही वेळ सुटू देऊ नका."

तिनं रविवार धरला. नेमका त्याच सकाळी फोन आला, पांढुर्ण्याचे पाहुणे तिच्या नणंदेला, अमृताला, पाहायला येताहेत.

न्हाणीतला लघवी साठवायचा प्लास्टिकचा कॅन पाहून सासूबाईंचा पारा चढला. "पाहुण्याइनं हे पाह्यलं तं? घरात किडनीचा रोग हाय म्हणतीन, अन् पोरीचं जमता जमता मोडन!"

"आई, रोग आहे का नाही, तेच तर पाहून राहिली मी."

"तं मंग वर जाऊन बस. तू माहेरी गेली म्हणून सांगतो."

जयश्रीनं नवऱ्याकडे पाहिलं. हर्षलनं मान खाली घातली आणि कॅन मागच्या कोठीत कापसाच्या पोत्यांआड नेऊन ठेवला.

जिना थेट बैठकीत उतरायचा. चहा झाला, पोहे झाले, पाहुणे जेवायलाही थांबले. खाली मुलगी आईसाठी रडत होती आणि सासूबाई तिला दटावत होत्या. जयश्री दाराला कान लावून उभी होती. ओटीपोट तटतटून दुखायला लागलं. वर धरायला भांडंही नव्हतं. शेवटी नाइलाजानं ती खोलीतल्या मोरीत बसली. सगळं वाहून गेलं. खाली तेवढ्यात हशा पिकला. सोयरीक जमली होती.

दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन ती नागपूरला गेली. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण तिनं डॉक्टरांना सांगून टाकलं, "एक वेळ सुटली."

"मग हे धरता येणार नाही. पुन्हा करावं लागेल."

"आता घरी नाही जमायचं मॅडम."

"मग इथंच वॉर्डात राहा."

तिनं हर्षलला फोन लावला. "आईला काय सांगू?" तो म्हणाला.

"आहे ते सांग," म्हणून तिनं फोन ठेवला. वॉर्डात दुसऱ्या सकाळपर्यंत तिनं एकही वेळ सुटू दिली नाही.

रक्ताचा रिपोर्ट चांगला होता, पण लघवीचा हिशेब वेगळंच बोलला. किडन्या जेमतेम निम्मं काम करत होत्या. वेळीच कळलं, औषधानं बरीच वर्षं सांभाळता येईल, असं डॉक्टर म्हणाल्या.

घरी सासूबाईंनी रिपोर्ट उघडूनही पाहिला नाही. "लग्नापर्यंत कोणाले बोलू नको," एवढंच म्हणाल्या.

लग्न दिवाळीनंतर आहे. तोवर जयश्री गोळ्या शाळेच्या कपाटात ठेवते आणि तपासणीला जायचं असलं की घरी ट्रेनिंग आहे म्हणून सांगते. कसलं ट्रेनिंग ते हर्षलला ठाऊक आहे. सासूबाईंनाही असावं. कुणी विचारत नाही.