मावशीचे अंगठे

१९९९ साली माझा भाऊ जन्मला, तेव्हा मी आठ वर्षांची होते. आम्ही देवरीला राहायचो. आईच्या बाळंतपणाला कामठ्याहून तिची थोरली बहीण, माझी मावशी, आली होती. तान्ह्या लेकराचं डोकं घडवावं तर तिनंच, असं सगळे म्हणायचे. लांब केलेल्या पायांवर बाळाला घ्यायचं, कोमट तेलानं टाळू भरायची, मग दोन्ही अंगठ्यांनी कपाळापासून मागे चोळत डोकं गोल करायचं. मी शेजारी बसून बघायचे आणि माझ्याकडे कुणी लक्ष देत नाही म्हणून फुगायचेही.

चार महिने झाले तरी भाऊ मान धरेना. मग झटके सुरू झाले. नागपूरला त्याच्या डोक्याचा फोटो काढला. आपल्या मेंदूवर अक्रोडासारख्या वळ्या असतात, याचा मात्र जवळजवळ सपाट आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. कशामुळे, ते त्यांनाही सांगता आलं नाही. घरी आल्यावर बाबांनी तो फोटो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, मावशी डोकं जोरात दाबायची का.

मी हो म्हणाले. खूप जोरात, असं वर जोडलंही. खरं तर तिचा हात अगदी हलका होता. पण कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणी मला काही विचारत होतं, आणि मी ती संधी सोडली नाही. एवढीच माझी लायकी.

मावशी भाच्याला बघायला आली, तेव्हा आईनं तिला दारातच सांगितलं, "तुया हातानं झालं. तू जोरात दाबत होती, पोरीनं सांगतलं." मावशी तशीच परत गेली. दोन वर्षांनी भाऊ गेला. त्याच्या मातीलाही तिला कळवलं नाही.

पुढे चौदाव्या वर्षी मला फिट आली. गोळ्यांवर निभावलं. २०१२ साली नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी माझा एमआरआय काढला, माझं आणि आईचं रक्त तपासायला पाठवलं. निकाल आल्यावर त्यांनी दोघींना समोर बसवून समजावलं. दोष एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात होता, आणि तो आईकडून आम्हा दोन्ही भावंडांत आला होता. बाईकडे एक्स गुणसूत्रं दोन असतात. एकातलं बिघडलं तर दुसरं बरंचसं सावरून घेतं. म्हणून माझ्या वळ्या जवळपास धड आणि आत फक्त पेशींचा एक जादा पट्टा, फिट त्यामुळेच यायची. मुलाकडे एक्स एकच. भावाचा मेंदू पोटातच सपाट घडला होता.

मुलगा व्हावा म्हणून आईनं प्रतापगडच्या महादेवाला नवस बोलला होता. तो मुलगा होता म्हणूनच गेला, हे तिला त्या खुर्चीत बसून ऐकावं लागलं. मला तिची फार दया आली आणि रागही आला. माझा राग माझ्यावर जास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला घेऊन कामठ्याला निघाली. मावशी अंगणात तांदूळ पाखडत होती. आईनं सुपाशेजारीच बसकण मारली.

"बाई, तुया हातानं नाही झालं व. मायाच रक्तातून आलं."

मावशीनं सूप खाली ठेवलं. रडली नाही, ओरडली नाही. तिनं आमच्यावर तोंडसुख घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी कशीबशी म्हणाले, "मावशी, मी तेव्हा खोटं बोलली होती."

ती माझ्याकडे वळली.

"मले माया हातावर भरोसा होता. पण तू म्हणली म्हून मी मानलं. एवढंसं लेकरू कायले खोटं बोलंल?"

मग तिनं आईला, अगदी साध्या आवाजात, सांगितलं की आपल्या लेकीची दोन्ही बाळंतपणं याच घरी झाली. दोन्ही नाती आता शाळेत जातात. त्या तान्ह्या असताना तिनं एकदाही त्यांना पायांवर घेतलं नव्हतं.