मधली खुर्ची

आमच्या गावच्या मंडळाची लालबागला एक खोली होती. गिरणीत आलेला गावचा गडी तिथे राहायचा. भिंतीला एक खुंटी, खाली एक ट्रंक आणि चटईपुरती जागा, एवढाच ज्याचा त्याचा संसार. नवे आलेले बाहेर गॅलरीत निजायचे आणि आत कोणाची जागा रिकामी होते ते बघत राहायचे. म्हणून नियम होता, की गिरणी सुटली की जागाही सोडायची आणि भाऊच्या धक्क्यावरून बोट धरून गावी जायचं. हा नियम मंडळाच्या सभेत मांडला मीच. तेव्हा मी तरुण होतो, गॅलरीत निजत होतो. नियम चांगला होता. आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही.

जाणाऱ्याचा फोटो काढायची आमच्यात रीत होती. चाळीच्या चौकात खुर्ची मांडायची, जाणाऱ्याला हार घालून, मांडीवर नारळ देऊन मधे बसवायचं आणि बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. फोटो मी काढायचा. माझ्याकडे चोरबाजारातला डबा कॅमेरा होता, पोटाशी धरून वरून बघायचा. शाळा मी दुसरीत सोडली. पण जन्मभर साच्यावर तुटका धागा हुडकून डोळा तयार झालेला, त्यामुळे फोटोत कोणाचं काय चुकतंय ते चटकन दिसायचं. ते फोटो खोलीत ओळीने लावलेले होते. सगळे माझ्या हातचे, आणि मी एकातही नाही. त्यातला एकही माणूस पुन्हा मुंबईला आला नाही. गावाहून वाईट बातमी आली की त्या फोटोला हार घालायचा, तेही काम माझंच.

मग माझी पाळी आली. गिरणीने मला मोकळं केलं तेव्हा मुंबईचा झगडा पेटलेला. फाउंटनला गोळीबार झाला त्या दिवशी कॅमेरा सदऱ्याखाली धरून मी पळालो होतो. लाठी कॅमेऱ्यावर बसली, म्हणून बरगडी वाचली. त्याच्या पत्र्याला पोचा आला तो अजून आहे. परळपासून काळाचौकीपर्यंत सभा असो, मोर्चा असो, मी हजर. हे सगळं टाकून गावी जाऊन काय करायचं? बायको केव्हाच वारलेली. मूलबाळ नाही. घर पुतण्यांचं. आणि तिकडे रोल धुवायलाही कोणी नाही.

मंडळाच्या सभेला आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गाऱ्हाणं घालायचा मान माझा होता. माझ्या निरोपाचं ठरवायला सभा बसली, तेव्हा गावच्या पावसाचं, गिरणीतल्या लेकरांचं मागून झाल्यावर त्याच सुरात मी पुढे म्हटलं, “बा देवा म्हाराजा, मुंबईसकट महाराष्ट्र होयसर ह्या लेकराची जागा हयसरच रवांदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे सवयीने म्हणाले. मग एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

राज्य होईपर्यंत माझी जागा इथेच, असं सगळे देवासमोर बोलून बसले होते, आणि देवासमोर बोललेलं परत घेता येत नाही. चिटणीस होता माझा चुलतपुतण्या. त्याला मुंबईत आणला मी, साच्यावर लावला मी. तो मान खाली घालून बसला. मागून कोणीतरी म्हणालं, म्हातारो आता देवाकच जामीन करून ठेवतलो. हसले सगळे. मीही हसलो. जागा राहिली.

ती राहिली आणि त्यांना खुपत राहिली. कोणी माझ्या ट्रंकेवर आपली वळकटी ठेवायचा, कोणी खुंटीला आपला सदरा. मी तो काढून खाली ठेवायचो. पण मोर्चाचे फोटो धुवून आले की हेच लोक माझ्याभोवती गोळा व्हायचे, आपलं तोंड कुठे दिसतं ते शोधायला.

राज्य झालं त्या संध्याकाळी लालबागला पाय ठेवायला जागा नव्हती. गुलाल, पेढे, ढोल. म्हातारे गिरणीवाले रडत होते. मी रोल भरून फोटो काढले, शेवटचा एक तेवढा राखून ठेवला. सकाळी चिटणीस स्वतः चहा घेऊन आला. माझ्यासमोर उकिडवा बसला.

“काका, मुंबई गावली मां? आता सामान बांधूक घेवा. पावसाआधी बोटी बंद होतत.”

“कोणाक गावली?” मी विचारलं.

“आपल्याक.”

“आपल्यात मी येतंय की नाय?”

त्याने कप माझ्याकडे सरकवला. “तुमीच देवाक सांगितल्यात, काका.”

शब्द माझाच होता, आणि मी दिलेला शब्द मोडत नाही. ट्रंक भरली. खुंटी पुसली.

चौकात खुर्ची मांडली. ह्यावेळी गाऱ्हाणं चिटणीसाने घातलं, काकांना गावी सुखात ठेव म्हणून. ‘व्हय म्हाराजा’ इतक्या जोरात मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. मग त्याने कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. मी दिला नाही. गळ्यातला हार काढून खुर्चीच्या पाठीला घातला, नारळ बसायच्या जागी ठेवला आणि सगळ्यांना म्हटलं, उभे राहा मागे.

“काका, बसा हो. असा बरा नाय दिसत,” तो म्हणाला.

“माझी जागा हयसर आसा,” मी म्हटलं आणि बटण दाबलं.

रोल तसाच कॅमेऱ्यात ठेवून मी बोटीत बसलो. दोन पावसाळे गेल्यावर चिटणीसाचं पत्र आलं. मंडळाला त्या संध्याकाळचे फोटो भिंतीला लावायचे आहेत, दुसऱ्या कोणाकडे नाहीत, तर रोल धाडावा. पोरांना कळायला हवं, आपण मुंबई कशी मिळवली.

मी धाडला नाही. इथल्या दमट हवेत आतलं सगळं केव्हाच बुरसून गेलं असणार, हे मला कळतं. तरीही धाडणार नाही.