रस्ता अडवणारा बाबिकर

आमच्या गावात बाबिकरइतका बढाईखोर माणूस दुसरा नाही. मदनी शहराला जाणारा रस्ता आमच्या मशिदीला लागूनच जातो. रमजानात सूर्य कलला की आम्ही पुरुष आपापलं ताट घेऊन मशिदीपुढच्या चटयांवर येतो आणि रस्त्यानं जाणाऱ्यांना जेवायला उतरवून घेतो. रीत सगळ्या गावाची. पण बाबिकर आपल्या पागोट्याचं एक टोक कडुनिंबाला बांधून, दुसरं हातात धरून रस्ता अडवून असा उभा राहतो, की जणू आदरातिथ्य यानंच शोधून काढलं.

एका वर्षी पलीकडून नवा रस्ता झाला आणि गाड्या तिकडे वळल्या. अठरा दिवस एकही पाहुणा नाही. बाबिकरचं तोंड उतरलं. "बाबिकरचं ताट पाहुण्यावाचून परत गेलं," असं बायका रोज बोलू लागल्या. एकोणिसाव्या दिवशी यानं चक्क बोकड कापला. माझ्या वाडग्यात नेहमीचेच उकडलेले चणे.

ते बघून म्हणतो कसा, "मास्तर, पाहुणा आला तर एवढं झाकून ठेवा. गावाची अब्रू जाईल."

उपाशीपोटी मूर्खाच्या तोंडी कोण लागतो?

आणि नेमकी एक गाडी आली. बाबिकरनं पागोटं ताणून ती अडवली. आतला माणूस काकुळतीला आला. "दादा, जाऊ द्या मला. मी जिर्जिस, ख्रिस्ती आहे. माझा रोजा नाही."

"रोजा कोणी विचारला तुला? पोट आणलंयस ना बरोबर? उतर मग."

हाताला धरून यानं त्याला मधोमध बसवलं. बांग झाली, आम्ही खजूर तोंडात टाकला. बाबिकरनं पाहुण्यापुढे बोकडाची अख्खी तंगडी ठेवली. तो संकोचून म्हणाला, "आमचाही मोठा उपास चालू आहे. ईस्टरपर्यंत मटण, दूध, काहीच चालत नाही. ते चणे मात्र चालतील."

बाबिकरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? सगळ्यांना दिसावं म्हणून मी वाडगा सावकाश उचलला. तेवढ्यात यानं तो माझ्या हातातून ओढून घेतला, स्वतःच्या ताटात ठेवला आणि "खा बाबा, लाजू नकोस," म्हणत वाढायला लागला. आयत्या पिठावर रेघोट्या! लाज कशी ती नाहीच.

जिर्जिसनं वाडगा पुसून खाल्ला. आम्ही नमाजाला उभे राहिलो तेव्हा तो उरलेल्या ताटांवरच्या माश्या वर्तमानपत्रानं वारत बसला. निघताना त्यानं बाबिकरला मिठी मारली, नाव विचारून घेतलं. चणे कोणाचे, हे विचारलंसुद्धा नाही.

घरी जाऊन मी बायकोला त्या लबाडाचं सगळं सांगितलं. तिनं रिकामा वाडगा हातातून घेतला. "एवढं होतं तर तुम्हीच का नाही अडवलीत गाडी?" ती म्हणाली.

चाळीस वर्षांत गाडी अडवायला मी एकदाही चटईवरून उठलो नव्हतो.