उलटा लावलेला तुकडा

लेकीची मुलगी आता सहा वर्षांची आहे. तिच्या बारशासाठी मी गोधडी शिवली, तेव्हा एक गोष्ट केली आणि ती इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही.

आमच्याकडे बाळाच्या पहिल्या गोधडीला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या, अंगावर वापरून मऊ झालेल्या साड्या लागतात. त्यांचं आयुष्य बाळाला लाभावं म्हणून. सासूबाईंची, लेकीच्या सासूची म्हणजे मिठबावच्या विहीणबाईंची आणि माझी अशा तीन साड्या कापून झाल्या होत्या. तेवढ्यात थोरली जाऊ पडवीत आली. घर एक, चुली दोन, असं आमचं आहे. थोरले दीर जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि तिला मूलबाळ नाही. तिने धुऊन इस्त्री केलेला तुकडा माझ्या मांडीवर ठेवला. मोरपंखी सुती कापड, त्यावर करवंदाएवढे लाल ठिपके. दिरांनी आणलेली ती साडी अख्ख्या वाडीला ठाऊक होती.

“मधी घाल गो,” ती म्हणाली. “चेडवाच्या पाठीखाली येवंदे.”

मी हो म्हटलं. ती गेल्यावर तो तुकडा मी मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. विधवेची, त्यात निपुत्रिक बाईची साडी तान्ह्या पोरीच्या अंगाखाली. हे मला कुणी सुचवलं नव्हतं. सासूबाईंनी अडवलं असतं, तर आज सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं. पण त्या बिचाऱ्या आत झोपल्या होत्या.

तुकडा वगळला तर जावेला कळणार. लावला तर बारशाला बायका ओळखणार. म्हणून मी तो मध्येच लावला, पण उलटा. त्या बाजूला छपाईचा रंग नीट पोचलेला नव्हता. मोरपंखी पार विटल्यासारखा, ठिपके असून नसल्यासारखे. कापड तेच, पोरीच्या पाठीखाली येणार तेच. मग मी लपवलं ते कुणापासून? मला भीती अपशकुनाची होती की बायकांच्या तोंडाची, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आज विचारते, तर दोन्हींची होती, आणि तोंडाची जास्त.

बारशाला मिठबावची विहीण गोधडी चाचपत म्हणाली, “विहीणबाई, हो मधलो तुकडो उलटो कसो लागलो?”

जाऊ शेजारीच उभी होती. मी चटकन बोलून गेले, “छपाईची बाजू खरखरीत असते. उलटी मऊ. बाळाला टोचू नये म्हणून.”

“म्हणजे तुमचो कारभारच उलटो,” विहीण म्हणाली, आणि बायका हसल्या.

“हसतास कित्या? तिका कळता ता तुमका नाय कळूचा,” जाऊ त्यांना म्हणाली. माझी बाजू घेऊन.

पुढे गंमतच झाली. मधला तो फिका तुकडा बायकांच्या डोळ्यांत भरला. भडक छापील साड्यांचे तुकडे उलटे लावले की सगळे रंग एकमेकांशी जुळतात, हे हळूहळू सगळ्यांना कळलं. मग मीही तशाच गोधड्या शिवू लागले. पर्यटकांना उतरवून घेणाऱ्या मालवणकडच्या एका घराने मागवल्या. दुपारी जाऊ माझ्यासमोर बसून धावदोरा घालायची. कुणी विचारलं, हे सुचलं कसं, की मी तेच मऊपणाचं सांगायची. इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

गेल्या महिन्यात कणकवलीत बचतगटाच्या बायकांना शिकवायला आम्ही दोघी गेलो. एका मुलीने तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, “ह्या माझ्या साडयेपासून सुरू झाला. माझ्या घोवान आणलेली साडी. चेडवाक टोचू नये म्हणून हिणा उलटी लायल्यान.” तिचा चेहरा इतका फुललेला मी दिरांच्या मागे कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत तिला सगळं सांगितलं. “वयनी, मऊ बिऊ काय नाय. तुमची साडी कोणी वळखूची नाय म्हणून मी ती उलटी लायलंय.”

तिला ठाऊक असेल, अशी मला आशा होती. तिला ठाऊक नव्हतं. तिने दोरा दाताने तोडला आणि सुई कापडात टोचून ठेवली.

“आता माका कोणी इचारल्यान तर मी काय सांगू?” ती म्हणाली.

मला वाटलं होतं, ती रागावेल, रडेल, आणि मग मी माफी मागेन. हा प्रश्न मी हिशेबात धरलाच नव्हता. बोलून मी मोकळी झाले, आणि तिची एवढी एक अभिमानाची गोष्ट मी काढून घेतली.

“तुम्ही नको, मी सांगेन,” मी म्हटलं. “लिहून काढते.”

“लिव. पण नाव घालू नको. माझा नको, तुझा पण नको. चेडवान वाचल्यान तर?”

ती उठून आपल्या चुलीकडे गेली. त्यानंतर दुपारची ती पडवीत आलेली नाही. भिंतीपलीकडून तिचं खोकणं ऐकू येतं. मी तिला बोलवायला गेलेले नाही. लिहून झालं की हे आधी तिला वाचून दाखवणार आहे. ती काढ म्हणेल ते काढीन, पण उलटा तुकडा कुणी आणि का लावला, तेवढं ठेवणार.