नऊ रांगा लांब

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या बनवून देणाऱ्या गृहस्थांचं छोटंसं दुकान होतं. सगळे त्यांना किल्लीदादा म्हणत. किल्ली हातात देताना ते बजावत, "घरी जाऊन तीनदा फिरवून बघा हं." कुलपांशी त्यांची अखंड बडबड चाले, माणसांसमोर मात्र शब्द ओठांशी येऊन परत फिरत. समोर थंड चहा आला तरी ते तो मुकाट्याने पिऊन टाकत.

त्यांची आई गेली. नवऱ्याशेजारी विसावायचं, एवढीच तिची इच्छा होती. दफनभूमीतली ती जागा घरच्यांनी वीस वर्षांपूर्वीच राखून ठेवली होती. आठ महिन्यांनी त्यांची परगावची ताई नावाचा दगड बसवायला आली, तेव्हा कळलं, आई बाबांपासून नऊ रांगा लांब आहे. दफनभूमीचं फाटक मधल्या काळात दुसऱ्या बाजूला गेलं होतं. तिथल्या नोंदींच्या वहीतल्या रांगा जुन्या फाटकापासून मांडलेल्या आणि नव्या कारकुनाने मोजल्या नव्या फाटकापासून. बाबांशेजारची जागा अजून रिकामीच होती.

ताई भडकली. भावाला आणि कागद समजून घ्यायला शेजारी म्हणून मला घेऊन तिने वकीलबाईंचं ऑफिस गाठलं.

"आधी व्यवस्थापनाला लेखी नोटीस द्यायची," वकीलबाई म्हणाल्या. "वहीच्या पानाची नक्कल मागायची. चूक कबूल केली, तर आईंना हलवायच्या परवानगीसाठी अर्ज. नाही केली, तर दिवाणी दावा; भरपाईसाठी ग्राहक मंच. पण परवानगीशिवाय कुदळ लावायची नाही."

"कुदळ मी त्या कारकुनाच्या डोक्यात घालीन!"

"मग मला तुमचीच केस लढवावी लागेल." वकीलबाईंनी एक कागद पुढे सरकवला. "जागा पाहिली, बरोबर आहे, असं इथे लिहिलंय. खाली सही कुणाची?"

दादा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "माझी."

"सह्या काय, सगळेच न वाचता करतात," ताई म्हणाली.

"वाचलं होतं, ताई. शेजारच्या दगडावर परकं नाव होतं, तेही वाचलं होतं. लोक उन्हात ताटकळले होते, तू रडत होतीस. म्हटलं, माझंच काही चुकत असेल."

"आणि हे आठ महिने?"

"रोज ठरवायचो, उद्या फोन करू."

ताई पर्सची चेन उघडत, लावत बसली. "आई तुला मुखदुर्बळ म्हणायची, तेव्हा मी तिच्याशी भांडायचे रे."

वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या, "या सहीमुळे भरपाई कदाचित कमी मिळेल. पण वहीत ती जागा तुमच्याच नावावर आहे. ती मागता येईल."

नोटीस गेल्यावर व्यवस्थापनाने चूक मान्य केली. दाव्याची वेळ आली नाही. परवानगी यायला मात्र सव्वा महिना लागला.

आईला हलवायच्या सकाळी ताईने वही स्वतः उघडून घेतली, जुन्या फाटकापासून रांगा स्वतः मोजल्या, बाबांच्या दगडावरचं नाव मोठ्याने वाचलं. कारकुनाने सवयीने कागद दादांपुढे धरला. दादांनी पेनासाठी हात पुढे केला.

"राहू दे," ताई म्हणाली, "मी करते."

आवाज मऊच होता. दादांनी हात मागे घेऊन खिशात घातला आणि आईला खाली उतरवेपर्यंत तो बाहेर काढला नाही.